गवंड्याची शंका

सकाळी साडेनऊला तो खडा वितीएवढा होता. अकराच्या सुमारास सुपारीएवढा झाला. जेवणाच्या सुट्टीआधी तेजल विटकरने पुन्हा पाहिलं, तेव्हा त्याच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढे खडे होते आणि त्यांची संख्या एक लाख चाळीस हजारांवर गेली होती.

तिने वहीत आधी वेळ लिहिली, मग आकडा. वेळ आधी आणि आकडा नंतर, ही तिच्या वडिलांची सवय.

बाकीचं धरण शांत होतं. पडद्यावर तांबवडी धरणाची भिंत माथ्यापासून पायापर्यंत हातभर रुंदीच्या खड्यांनी भरलेली दिसत होती. खालच्या कातळात तर एकेक खडा खोलीएवढा. फक्त भिंतीच्या अकराव्या भागाखाली, अकराव्या ब्लॉकखाली, जिथे पाया आणि कातळ मिळतात, तिथे ते बारीक होत चालले होते. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तसे एकाच जागी गोळा होत होते.

राज्यातल्या प्रत्येक मोठ्या धरणाचं आता संगणन केंद्रात एक जुळं होतं. खऱ्या धरणात पाणी चढलं की जुळ्यातही चढायचं, खरी भिंत उन्हाने तापली की जुळंही तापायचं. पण एवढी मोठी भिंत संगणकाला एका घासात गिळता येत नाही. तिचे तुकडे करावे लागतात. चार कोपरे आणि चार बाजू असलेले लाखो चतुष्फलक एकमेकांना चिकटून बसवायचे, प्रत्येकावर किती दाब येतो, तो किती सरकतो, हे सोडवायचं आणि शेजाऱ्याला सांगायचं. या तुकड्यांच्या रचनेला जाळी म्हणतात. विटांच्या भिंतीसारखी एकसारखी, ओळीत बसणारी जाळी करणं सोपं. पण धरण आणि डोंगर विटांच्या मापाने जन्माला येत नाहीत. तिथे लागते ती ओळ नसलेली जाळी: इथे मोठा तुकडा, तिथे लहान, जागा मागेल तसा.

तेजलला ही गोष्ट कुणी शिकवावी लागली नव्हती. तांबवडीची भिंत अनघड दगडांची होती आणि तिच्या पणजोबांनी त्या भिंतीवर वडारकाम केलं होतं. अनघड दगडाच्या कामात गवंडी हातात आला तो दगड ठेवत नाही. तो आधी जागेकडे बघतो, मग दगडाकडे. म्हणून तिने आणि तिच्या गटाने जाळी बांधणारी प्रणाली तयार केली, तेव्हा तिचं नाव सरळ ‘गवंडी’ ठेवलं, आणि चतुष्फलकांना खडे.

गवंड्याचं वेगळेपण असं की तो एकदा जाळी बांधून थांबत नसे. दर तासाला धरणावरून आलेली मोजमापं तो स्वतःच्या उत्तराशी ताडून पाही. उत्तर पक्कं असेल तिथे मोठे खडे टाकी. जिथे उत्तर आणि मोजमाप जुळत नसेल तिथला खडा फोडून लहान करी, म्हणजे अधिक बारकाईने बघे. तरी जुळलं नाही तर आणखी लहान. जिथे शंका तिथे बारीक खडी, एवढंच त्याचं शास्त्र.

आणि आज त्याला अकराव्या ब्लॉकखाली फार मोठी शंका आली होती.

“गवंडी बिघडलाय गं तुझा,” शेजारच्या टेबलावरून हर्षद साळोखे म्हणाला. त्याच्याकडे चार धरणं आणि एक पूल होता. “सगळी यंत्रणा एकटा खाऊन बसलाय. माझा पूल सकाळपासून रांगेत उभा आहे.”

“बिघडला नाही. त्याला काहीतरी पटत नाहीये.”

“मग पटव. किमान आकार लाव. वीस सेंटिमीटरच्या खाली जायचं नाही म्हणावं. गपगार बसेल.” मग तो सहज म्हणाला, “गेल्या वर्षी तूच लावला होतास की.”

गेल्या वर्षी तिनेच लावला होता. ह्याच ब्लॉकखाली, ह्याच आठवड्यात. मृग लागण्याआधीच्या शुक्रवारी धरण समितीची बैठक असे आणि त्याआधी जाळीच्या प्रमाणपत्रावर तिची सही लागे. वेळ नव्हता. खडे फुटत होते, तिने खालची मर्यादा घातली, खडे थांबले, उत्तर सुरक्षित आलं, सही झाली. धरण भरलं. काही झालं नाही.

काही झालं नाही म्हणजे बरोबर होतं, असं मात्र नव्हे.

जेवण टाळून तिने अकराव्या ब्लॉकची मोजमापं उघडली. दोनच महत्त्वाची होती. एक, माथ्यावरच्या उपग्रह-ग्राहकाचं. भिंत पाण्याच्या रेट्याने किती झुकते ते तो मिलिमीटरमध्ये सांगे. गवंड्याच्या हिशेबापेक्षा ती तीन मिलिमीटर जास्त झुकत होती. दुसरं, पायाखालच्या दाबाचं.

धरणाला पाणी फक्त समोरून ढकलत नाही. थोडं पाणी कातळाच्या फटींतून भिंतीखाली शिरतं आणि भिंतीला वर उचलू बघतं. भिंत उभी असते ती स्वतःच्या वजनावर. खालून उचल वाढली की ते वजन कमी पडायला लागतं. म्हणून भिंतीच्या पोटात एक बोगदा ठेवतात, गॅलरी म्हणतात त्याला, आणि तिथून खाली छिद्रं पाडून हे पाणी काढून टाकतात. उचल किती आहे ते सांगायला प्रत्येक ब्लॉकला एक दाबाचा काटा, चौरस सेंटिमीटरला किती किलो ते दाखवणारा. तांबवडीच्या गॅलरीत तीनदा स्वयंचलित यंत्रं बसवली होती. भिंतीतून झिरपणाऱ्या चुन्याच्या पाण्याने दोन-दोन वर्षांत त्यांचा निकाल लावला. शेवटी पितळी काटे तेवढे टिकले आणि दर सोमवारी ते वाचायला खाली उतरणारा एक माणूस टिकला.

तो माणूस म्हणजे मारुती विटकर. तेजलचे अण्णा. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी खात्याने त्यांना कंत्राटावर ठेवून घेतलं होतं, कारण दोनशे बारा पायऱ्या उतरायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

अण्णांचे आकडे ठीक होते. मर्यादेच्या आत, धरणाच्या पातळीबरोबर वर जाणारे, पातळीबरोबर खाली येणारे. तिने दोन रेषा एकमेकींवर ठेवल्या, तलावाची पातळी आणि अकरावा काटा. तंतोतंत बसल्या.

ती मागे गेली. दहा वर्षांपूर्वीच्या रेषा काढल्या. तिथे काट्याची रेषा पातळीच्या रेषेमागून चालत होती, चार-पाच दिवस उशिराने. तेच बरोबर होतं. पाण्याला कातळातून वाट काढत जायला वेळ लागतो. आठ वर्षांपूर्वी, चार दिवस. पाच वर्षांपूर्वी, चार दिवस. आणि मग तीन वर्षांपूर्वी कधीतरी तो उशीर नाहीसा झाला. आज तलाव चढला की आजच काटा चढलेला.

असा कातळ पृथ्वीवर कुठे नसतो. गवंडी बिचारा तो शोधत होता. खडे फोडत होता, बारीक करत होता, ज्यात पाणी एका क्षणात पोचेल आणि तरी भिंत तीन मिलिमीटर जास्त झुकेल अशी रचना मांडू बघत होता. ती त्याला मिळणार नव्हती, कारण एका बाजूचे आकडे काट्यावरून आलेलेच नव्हते.

तिने वही मिटली. मग पुन्हा उघडून वेळ लिहिली, दोन वाजून दहा मिनिटं. पुढे आकडा लिहिला नाही.

“किमान आकार लावू का?” हर्षदने विचारलं.

“नको. चालू दे. तुझा पूल उद्या कर.” तिने पिशवी उचलली. “मी घरी जाऊन येते.”

“आत्ता? शुक्रवारी बैठक आहे बाई!”

“म्हणूनच.”

*

तांबवडीला दिवसातून एकच बस जाई, सकाळची; ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. धरण वसाहतीतल्या क्वार्टरच्या पायरीवर अण्णांचे गमबूट नेहमीच्या जागी होते. तेजल वाकून चप्पल काढत होती, तेव्हा तिला डाव्या बुटाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं दिसलं. चांगलं भरगच्च, घट्ट विणलेलं. एका दिवसाचं नव्हे.

आज बुधवार होता. परवाच सोमवार झाला होता.

“आलीस? आणि हात हलवत?” आई आतून म्हणाली. “मला वाटलं शहरातनं काय मलम-बिलम आणशील ह्यांच्यासाठी. निर्गुंडीचा पाला शेकून शेकून ह्या गल्लीतलं झाड बोडकं झालं.”

अण्णा पलंगावर पाय लांब करून बसले होते. गुडघे उशीएवढे सुजलेले. “ऐकू नको तिचं,” ते म्हणाले. “जरा थंडीनं धरलेत.”

“मे महिना संपला, थंडी कुठली? शहरात डॉक्टर म्हणाला, वाट्या बदला, दीड महिन्यात चालायला लागाल. तीन वर्षं झाली. आज न्हाई, उद्या न्हाई, पाऊस झाला की, धरण भरलं की.” आई तेजलकडे वळली. “अगं, बाजारातनं आलं की ही तीन पायऱ्या चढायला माझा खांदा लागतो ह्यांना.”

तेजलने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी खिडकीकडे.

आई चहा ठेवायला गेली. तेजल पलंगाच्या कडेला बसली. चार तासांच्या प्रवासात तिने पाच-सहा प्रकारे सुरुवात जुळवून ठेवली होती. त्यातली एकही कामाला आली नाही.

“अण्णा, अकरावा काटा सोमवारी किती होता?”

“शून्य पूर्णांक आठ.”

“टिचकी मारून बघितला?”

ते हसले नाहीत. लहानपणी तिला पहिल्यांदा गॅलरीत नेलं तेव्हा त्यांनी शिकवलं होतं: काटा कधी कधी अडकून बसतो, खोटं बोलतो. वाचण्याआधी काचेवर टिचकी मारायची. मारल्याशिवाय लिहायचं नाही.

“कुणी सांगितलं तुला?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही. तुमचे आकडे चुकले असते तर कळलंच नसतं. ते फार बरोबर आले.” तिने पातळीची आणि काट्याची गोष्ट सांगितली. चार दिवसांचा उशीर, तो नाहीसा होणं. अण्णा लक्ष देऊन ऐकत होते, कामाची गोष्ट ऐकावी तसे. शेवटी त्यांनी कपाळावर हात मारला.

“चार दिवस! आयला! ते डोक्यात कसं आलं न्हाई माझ्या?” आणि लगेच आवाज उतरला. “अडतीस वर्षं दर सोमवारी बघितलं की, तेजू. मला पाठ झालतं. तलाव सांग, मी काट्याचा आकडा सांगतो. मी काय मनानं ठोकून दिलं न्हाई. हिशेब करून लिहिलं.”

“मला माहीत आहे.”

“कुणाचं नुकसान नव्हतं त्यात.”

“भिंत तीन मिलिमीटर जास्त झुकतेय.”

चहाचा वास आला. स्वयंपाकघरात आईच्या बांगड्या वाजत होत्या.

“एकशे एकतिसावी पायरी,” अण्णा म्हणाले. “तिथनं घसरलो. दोन तास खाली बसून होतो. टॉर्च पण गेली. वर आलो ते हातावर, बसत बसत. तुझ्या आईला सांगितलं न्हाणीत पडलो. पुढच्या सोमवारी गेलो, दहा पायऱ्या झाल्या, पाय लटपटायला लागले. म्हटलं, आज राहू दे, पुढच्या सोमवारी जाऊ. आकडा तर पाठच आहे.”

“आणि ऑपरेशन?”

“दीड महिना मी खाटेवर. तेवढ्यात बदली माणूस खाली गेला असता. वही आणि काटा ताडून बघितला असता.” ते तिच्याकडे बघत होते. “पहिल्या वर्षी फरक पडला नसता. पण मला काय माहीत, खाली खरं किती आहे. जितके दिवस गेले तितकं जास्त भ्याव वाटायला लागलं.”

तेजलला वाटलं होतं, आपल्याला राग येईल. तो आला नाही, कारण तिला वीस सेंटिमीटर आठवले.

“मीही तेच केलंय अण्णा,” ती म्हणाली आणि किमान आकाराची गोष्ट सांगितली. “यंत्र मला गेल्या वर्षी सांगत होतं. मी त्याला गप्प केलं. तुम्ही पायऱ्यांना भ्यालात, मी तारखेला.”

“दोघं बी सारखेच म्हणायचे,” दारात चहा घेऊन उभी असलेली आई म्हणाली. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. तिने कप ठेवले. “न्हाणीत पडले म्हणे. न्हाणी कोरडी होती त्या दिवशी. मला काय दिसत न्हाई का?”

*

गुरुवारी सकाळी आठ वाजता तेजल गॅलरीत उतरली. गमबूट अण्णांचे होते, कोळ्याला हलवून. अण्णा वर दरवाजाशी खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर वही, हातात जुन्या चाकाच्या फोनचा कानाला लावायचा भाग. गॅलरीत दर पाच ब्लॉकला तसा एक फोन भिंतीत बसवलेला होता. वायर लांब ओढून काट्याजवळ नेता यायची.

एकशे एकतिसाव्या पायरीवर ती थांबली. कडेचा दगड झिजून गुळगुळीत झाला होता आणि त्यावर चुन्याचा पांढरा लेप बसला होता. तिने बोट लावून पाहिलं. पंजाभर लांबीचे चुन्याचे लोलक छतावरून लोंबत होते. हेच चुन्याचं पाणी निचऱ्याच्या छिद्रांतूनही वाहतं, हे तिला शाळेत असल्यापासून माहीत होतं. ते तिथेही साठत असणार, हे मात्र आज डोळ्यांनी दिसलं.

पहिला काटा ते सहावा, सगळे वहीच्या जवळपास. अण्णा फोनमधून “हं... हं...” करत होते आणि आवाजात हळूहळू जीव येत होता. सातवा जरा जास्त. आठवा आणखी. नवव्याला त्यांचं “हं” थांबलं.

अकराव्याच्या काचेवर तिने बॅटरी धरली.

“किती?” अण्णांनी विचारलं.

“एक पूर्णांक नऊ.”

फोनमध्ये नुसती खरखर.

“टिचकी मार.”

तिने टिचकी मारली. काटा थरथरला आणि होता तिथेच आला. “एक पूर्णांक नऊ.”

“परत मार.”

“अण्णा, एक पूर्णांक नऊ.”

तलाव आत्ता तळाला होता. एवढ्या पाण्यात पायाखाली जास्तीत जास्त दोन पूर्णांक चारचा दाब येऊ शकला असता, तोही निचरा अजिबात नसता तर. म्हणजे अकराव्या ब्लॉकची छिद्रं जवळपास बुजली होती. दसऱ्यापर्यंत तलाव काठोकाठ भरला तर काटा साडेतीनच्या पुढे जाणार होता. तेजलने मनातल्या मनात भिंतीचं वजन मांडलं, त्यातून उचल वजा केली आणि उरलेला आकडा तिला आवडला नाही. ती घाबरली मात्र नव्हती. शंकेला जागा मिळाली की ती शंका राहत नाही, ते काम होतं. छिद्रं पुन्हा पाडता येतात. चार महिन्यांचं काम. फक्त त्या चार महिन्यांत पाणी काठापासून नऊ मीटर खाली ठेवायला हवं.

ती वर आली तेव्हा अण्णांनी आकडे स्वच्छ अक्षरात उतरवून घेतले होते, प्रत्येकाच्या आधी वेळ.

“उद्या समितीला हे दे,” ते म्हणाले. “म्हण, गुरुवारी मी स्वतः उतरून घेतले. खरं हाय की नाही?”

“खरं आहे. पण सोमवारी तुमच्या वहीत शून्य पूर्णांक आठ आहे.”

“मग?”

“मग दोनच अर्थ निघतात. एक, तीन दिवसांत दाब दुपटीहून जास्त वाढला. तसं असेल तर कातळ आत्ता फाटतोय, आणि उद्या संध्याकाळपर्यंत धरणाखालचं वाळेघर शहर रिकामं करावं लागेल. चाळीस हजार माणसं, दवाखान्यासकट. दुसरा अर्थ, तो तीन वर्षांत हळूहळू वाढला. मग घाई नाही, पाणी खाली ठेवून दुरुस्ती करता येते. कुठला खरा, ते गवंडी सांगू शकत नाही. त्याला सांगावं लागेल, कुठले आकडे खोडायचे. कुठल्या तारखेपासून.”

अण्णांनी वहीवर हात ठेवला. एक्केचाळीस वर्षांच्या वह्या दरवाजाशेजारच्या खोलीच्या फडताळात ओळीने उभ्या होत्या. खात्यातले नवे अभियंते त्या बघायला येत. अण्णांना पेन्शन होती, आजवर कुणी अरेतुरे केलं नव्हतं आणि दरवर्षी एक मान होता: समितीची सही झाली की नियंत्रण खोलीतल्या फोनचं चाक फिरवून खाली तळदारांवरच्या माणसांना सांगायचं, ‘दारं मिटा’. की मग तलाव भरायला लागायचा. साहेबांनी कितीही वेळा सांगितलं तरी दारावरची माणसं विटकरांचा आवाज आल्याशिवाय चक्राला हात लावत नसत. आधी आजोबा, मग वडील, मग हे.

“तू तारीख सांगितलीस तर?” त्यांनी विचारलं.

“मला महिना माहीत आहे. दिवस माहीत नाही. तो तुम्हालाच माहीत आहे.”

*

शुक्रवारी नियंत्रण खोलीत सहा माणसं होती. कार्यकारी अभियंता नफीसा मुल्ला टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांच्यासमोर जाड फाईल होती. तांबवडीची पातळी उतरवून निचरा दुरुस्त करावा की नाही, ही फाईल सहा वर्षं फिरत होती. दर वर्षी त्यावर ‘पुढील बैठकीत विचार व्हावा’ असं लिहिलं जाई आणि धरण भरलं जाई. पाणीवाटप संस्थेचे अध्यक्ष संपतराव बाबर खिडकीपाशी होते. अण्णा दाराजवळ, भिंतीला टेकून. कुणी खुर्ची दिली तरी बसत नव्हते.

तेजलने गुरुवारचे आकडे वाचले.

“एक पूर्णांक नऊ?” मुल्ला मॅडमनी चष्मा काढला. “सोमवारी तर...”

“मॅडम, आधी माझी चूक सांगते,” तेजल म्हणाली. “गेल्या वर्षी ह्याच जागी जाळी बारीक होत होती. मी किमान आकाराची मर्यादा घालून ती थांबवली आणि प्रमाणपत्र दिलं. ते द्यायला नको होतं. तसं लेखी देतेय.”

“ते नंतर बघू. मला आत्ताचं सांगा. हे तीन दिवसांत वाढलं असेल तर मला आत्ता कलेक्टरांना फोन करावा लागेल.”

तेजलने समोरचे कागद सरळ केले. ती वडिलांकडे बघत नव्हती, मुद्दाम.

“तीन दिवसांत न्हाई वाढलं, मॅडम.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. अण्णा भिंत सोडून दोन पावलं पुढे आले होते. ती दोन पावलंसुद्धा त्यांना जड गेली.

“मे महिन्याची आठ तारीख, तीन वर्षांमागं. त्या दिवशीचा आकडा माझा खरा. त्याच्यानंतरचे मी खाली न उतरता लिहिलेत. एकशे साठ सोमवार. मोजलेत काल.” त्यांनी वही टेबलावर ठेवली. आठ मेच्या नोंदीखाली पट्टी लावून लाल रेघ मारली होती. “पायऱ्या झेपत नव्हत्या. सांगायला पाहिजे होतं. न्हाई सांगितलं.”

मुल्ला मॅडमनी वही ओढून घेतली, रेघेवर बोट ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं. शेवटी त्या तेजलला म्हणाल्या, “हे खोडून किती वेळ लागेल?”

“चाळीस मिनिटं.”

तेजलने एकशे साठ सोमवारांचे आकडे खोडले आणि गुरुवारचे घातले. भिंतीवरच्या पडद्यावर जाळी मोडली आणि पुन्हा बांधायला सुरुवात झाली. अकराव्या ब्लॉकखालची मुंग्यांची रांग विस्कटली. ज्वारीचे दाणे सुपाऱ्या झाले, सुपाऱ्या विती. मग सातव्या ब्लॉकपासून बाराव्यापर्यंत, निचऱ्याच्या छिद्रांच्या कडेकडेने, बारीक खड्यांची एक सरळ पट्टी उमटली आणि थांबली. चाळीस मिनिटं लागलीच नाहीत. एकतिसाव्या मिनिटाला गवंडी थांबला, उत्तर आणि मोजमाप जुळलं. माथ्यावरचे तीन मिलिमीटरही त्यात बसले.

“हळूहळू बुजलीत छिद्रं,” तेजल म्हणाली. “सहा ब्लॉकची. आत्ताच्या पातळीला धोका नाही. नऊ मीटर खाली ठेवलं तर पावसाळाभरही नाही. पूर्ण भरलं तर मी सही करणार नाही.”

“नऊ मीटर!” बाबर उठले. “पाण्याची दोन आवर्तनं गेली की आमची. उसाचं काय करायचं? आणि हा गडी तीन वर्षं खोटं लिहितो, ह्याच्या शब्दावर?”

“शब्दावर नाही,” मुल्ला मॅडम म्हणाल्या. “खाली काटा आहे. चला, तुम्हाला दाखवते. दोनशे बारा पायऱ्या आहेत.”

बाबर पुन्हा बसले. “तरी... पुढच्या बैठकीत सविस्तर...” कुणीतरी पुटपुटलं.

मुल्ला मॅडमनी फाईल उघडली. ‘पुढील बैठकीत’ असं लिहिलेलं सहा वेळचं त्यांचं स्वतःचं अक्षर होतं. त्या बराच वेळ त्याकडे बघत बसल्या. मग त्यांनी त्याखाली दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि पेनाचं टोपण लावलं.

“विटकर,” त्या म्हणाल्या, “चौकशी होईल. कंत्राट आजपासून बंद. ते मी थांबवू शकत नाही, आणि थांबवणारही नाही.”

“व्हय, मॅडम.”

“पण दारावरची माणसं माझं ऐकत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे.” त्यांनी टेबलावरचा फोन त्यांच्या दिशेने सरकवला. “आजच्या दिवस अजून तुम्हीच आहात.”

अण्णा जागचे हलले नाहीत. तेजलने खुर्ची ओढून त्यांच्यामागे ठेवली. ह्या वेळी ते बसले. गुडघे दोन्ही हातांनी दाबून नीट केले. फोनचं चाक फिरवलं. खाली कुठेतरी घंटी वाजली आणि लगेच, जणू कुणी कान लावूनच बसलं होतं, पलीकडून आवाज आला, “बोला अण्णा! मिटायची का?”

अण्णांनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून सहा मिनिटं.

“मिटू नका,” ते म्हणाले. “दारं उघडीच ऱ्हाऊ द्या. यंदा धरण भरायचं न्हाई.”